कोर्लईच्या कड्याखाली राहिलेले लोक

कामोठे म्हटले की आज डोळ्यांपुढे उभ्या राहतात त्या मानसरोवर स्थानकापासून शीव-पनवेल महामार्गापर्यंत पसरलेल्या इमारतींच्या रांगा. परंतु ह्या वसाहतीच्या पोटात जुने कामोठे गाव आहे. ते आगरी-कोळी बांधवांचे, भातखाचरांचे, मिठागरांचे आणि खाडीचे गाव होय. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, नवी मुंबईची आखणी झाली आणि कालांतराने दूरदूरची माणसे ह्या खाडीकाठी येऊन राहिली. येथील कॅथलिक कुटुंबांतही कोणी मूळचे वसईचे, कोणी गोव्याचे, कोणी मंगळूरचे, तर कोणी मराठवाड्याकडचे. प्रत्येकाने आपापल्या गावाहून बरोबर काही आणले आणि काही तेथेच सोडले. जे आणले त्यातले किती पुढच्या पिढीच्या हाती पडणार, हा प्रश्न अशा प्रत्येक घरात कधी ना कधी उपस्थित होतोच.

ह्या प्रश्नाचे एक जुने आणि आश्चर्यकारक उत्तर आपल्याच रायगड जिल्ह्यात, कामोठ्यापासून रस्त्याने सुमारे शंभर किलोमीटरवर, समुद्रात घुसलेल्या एका डोंगराच्या पायथ्याशी नांदत आहे. ते गाव म्हणजे मुरूड तालुक्यातील कोर्लई. मुरूड-काशीदच्या सहलीला जाताना आपल्यापैकी अनेकांनी त्या डोंगरावरील किल्ला गाडीतून पाहिला असेल. काहींनी दीपगृहाजवळ उभे राहून छायाचित्रेही काढली असतील. परंतु त्या गावाचा खरा इतिहास किल्ल्याच्या दगडांत नाही, तो गावकऱ्यांच्या जिभेवर आहे. त्या इतिहासाचा थोडा मागोवा घ्यावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

चौलची वाट

कामोठ्याहून निघून पनवेल ओलांडले की कर्नाळ्याचा सुळका आपली सोबत करू लागतो. पेण, वडखळ मागे टाकून कार्ले खिंड उतरली की हवेत खारेपणा जाणवतो आणि अलिबाग येते. तेथून पुढे नागाव, चौल आणि रेवदंडा ही गावे नारळी-पोफळीच्या वाड्यांतून एकाला एक लागून आहेत. रस्ता इतका सावलीचा आणि शांत आहे की आपण हिंदुस्थानातील एका अतिप्राचीन बंदरातून जात आहोत, ह्याची कल्पनाही प्रवाशाला येत नाही.

चौलचे नाव दोन हजार वर्षे जुने आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' ह्या ग्रीक नाविक-ग्रंथात ते 'सेमिल्ला' असे येते. टॉलेमीने त्याला 'सिमुल्ला' म्हटले. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखात 'चेमुल' हे नाव कोरलेले आहे. दहाव्या शतकाच्या आरंभी अल मसूदी हा अरब प्रवासी येथे येऊन गेला. अरबांच्या लेखी हे शहर 'सैमूर' होते. शिलाहार, यादव, बहामनी आणि अहमदनगरची निजामशाही अशी राज्ये आली आणि गेली, परंतु बंदर चालत राहिले. आजही चौलमध्ये रामेश्वराचे देऊळ, हिंगळाजदेवीचा डोंगर आणि मुसलमानी अमदानीतील हमामखाना ही स्थळे एकाच दिवसात पाहता येतात.

ह्या बंदरावर उतरलेल्या एका ख्रिस्ती प्रवाशाची गोष्ट मात्र आम्हांला विशेष वाटते. वास्को द गामा कालिकतला पोहोचण्यापूर्वी सुमारे तीस वर्षे, त्वेर शहरचा अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी विकण्यासाठी एक घोडा घेऊन चौलला उतरला. वाटेत लुटारूंनी त्याचे सामान लुबाडले होते. त्यात त्याची धर्मपुस्तकेही गेली होती. पुढे जुन्नरच्या सुभेदाराने त्याचा घोडा अडकवून ठेवला आणि धर्म बदलण्याची अट घातली, पण तो त्यातून सुटला. तरी ह्या साऱ्या संकटांपेक्षा त्याच्या प्रवासवर्णनात एक वेगळेच दुःख पुनःपुन्हा डोकावते. पुस्तके गेल्यामुळे ईस्टर केव्हा येतो, उपवासकाळ केव्हा सुरू होतो, हे त्याला कळेनासे झाले. तो अंदाजाने उपवास धरीत असे आणि चुकलो तर नाही ना, म्हणून व्याकूळ होत असे. त्याच्या रशियन लिखाणात हळूहळू तुर्की-अरबी शब्दांचे मिश्रण होत गेले, इतके की काही प्रार्थनाही त्याने त्याच मिश्रभाषेत लिहिल्या. त्याच्या स्मरणार्थ रेवदंड्यात आज एक स्तंभ उभा आहे.

निकितिन श्रद्धेत कमी पडला नाही, परंतु तो एकटा होता. एकटा मनुष्य परक्या मुलखात आपले पंचांग आणि आपली भाषा किती दिवस सांभाळणार? जे त्याला जमले नाही ते पुढे ह्याच किनाऱ्यावरच्या एका निर्धन गावाला जमले, ह्याचे इंगित त्या 'गावा'त आहे.

कड्यावरचा किल्ला

रेवदंड्याच्या दक्षिणेस कुंडलिका नदी समुद्राला मिळते. नदीच्या मुखाच्या पलीकडच्या बाजूस काळ्या दगडाचा एक अरुंद, लांबट डोंगर दक्षिणोत्तर पसरलेला आहे. त्याच्या पश्चिमेस अरबी समुद्र, उत्तरेस खाडीचे तोंड आणि पूर्वेस होड्यांचे बंदर व गाव. पोर्तुगीज त्याला 'मोरो' म्हणत, म्हणजे नुसता 'उंचवटा'. ज्याच्या हाती हा उंचवटा, त्याच्या हाती चौलचे दार, हे समजायला सेनापती असण्याची गरज नाही. माथ्यावर एकदा उभे राहिले की ते आपोआप कळते.

पोर्तुगीजांना हे बंदर प्रथम रक्त सांडूनच कळले. १५०८ साली चौलच्या बंदरात इजिप्तच्या मामलुकांचे आरमार आणि दीवचा मलिक अयाज ह्यांच्याशी त्यांची लढाई झाली. पहिल्या व्हाइसरॉयचा तरुण मुलगा लोरेन्सो द आल्मेदा तीत मारला गेला. १५२१ साली बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीने त्यांनी रेवदंड्यास कोट बांधावयास घेतला आणि तीन वर्षांत तो पुरा केला. १५७० ते १५७१ ह्या काळात निजामशाही फौजेचा वेढा त्यांनी सोसला. पुढे दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाने १५९२ च्या सुमारास समोरच्या कोर्लईच्या डोंगरावर तटबंदी उभारली, तेव्हा चौलचे पोर्तुगीज धास्तावले. १५९४ मध्ये त्यांनी हल्ला करून तो किल्ला घेतला आणि पुढे सुमारे दीडशे वर्षे तो त्यांच्याकडे राहिला.

आज किल्ला पाहावयाचा तर गावातून, बंदराच्या कडेकडेने, १९५५ साली उभारलेल्या दीपगृहापर्यंत जावे आणि तेथून पायऱ्यांनी वर चढावे. माथा इतका चिंचोळा आहे की काही ठिकाणी दोन्ही हातांना समुद्र दिसतो. आडव्या भिंती घालून त्याचे भाग पाडले आहेत आणि प्रत्येक भिंतीत दरवाजा आहे. बाहेरचे चार आणि आतले सात असे अकरा दरवाजे जुन्या नोंदींत सांगितले आहेत. एक भाग शत्रूच्या हाती गेला तरी पुढचा लढवता यावा, ही त्यामागची योजना. पावसाचे पाणी साठविण्याचे टाके, गंजलेल्या तोफा, छप्पर उडालेले पोर्तुगीज चर्च आणि जवळच मराठ्यांच्या अमदानीपासूनचे शिवमंदिर ही सारी एका नजरेच्या टप्प्यात आहेत. पश्चिमेचा कडा सरळ समुद्रात उतरतो. पावसाळ्यात शेवाळ धरल्यामुळे तो निसरडा असतो, तेव्हा लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी हिवाळ्यातच जावे. समोर खाडीपलीकडे रेवदंड्याचा काळसर वाळूचा किनारा आणि माडांतून डोके वर काढणारा फ्रान्सिस्कन मठाचा मनोरा दिसतो. त्याला लोक 'सातखणी' म्हणतात, पण त्या सात खणांपैकी काहीच आता शिल्लक आहेत.

ह्या देखाव्याने मन भारावते. परंतु भारावलेल्या मनाने इतिहास वाचू नये. ह्या तटाच्या दगडांखाली वेठ आहे, गुलामांची खरेदी-विक्री आहे, सक्तीची धर्मांतरे आणि इन्क्विझिशनची दहशतही आहे. त्याच काळात प्रेमाने सुवार्ता सांगणारे, लोकांची भाषा शिकणारे धर्मगुरूही होऊन गेले. त्यांची थोरवी सांगताना सत्तेचे अपराध झाकण्याचे काही कारण नाही. आम्ही कॅथलिक आहोत म्हणून पोर्तुगीजांचे वकील नव्हे.

जे गेले आणि जे राहिले

मराठ्यांनी ह्या किल्ल्यावर पूर्वीपासून नजर ठेवली होती. १६८३ साली छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजेने चौलला वेढा दिला. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज ह्यांनी मिळून कान्होजी आंग्र्यांच्या कुलाबा किल्ल्यावर स्वारी केली. ती साफ फसली आणि पोर्तुगीजांची पत आणखी उतरली. अखेर चिमाजी आप्पांची वसई मोहीम आली. मे १७३९ मध्ये वसई पडली. कोर्लईवर सुभानराव माणकर ह्यांना पाठविण्यात आले आणि १७४० मध्ये, तहाच्या वाटाघाटींतून, चौल व कोर्लई ही दोन्ही ठाणी पोर्तुगीजांना सोडावी लागली. बुरुजांची नावे पालटली, भगवे निशाण चढले. १८१८ साली किल्ला इंग्रजांकडे गेला आणि हळूहळू ओस पडला.

इतिहासाची पुस्तके बहुधा येथे थांबतात. आमच्या मते खरा इतिहास येथे सुरू होतो.

१७४० साली चौलहून कोण गेले? अधिकारी गेले, सरदार गेले, व्यापारी गेले, मठवासी गेले. ज्यांच्यापाशी गोव्याच्या गलबतात जागा मिळविण्याइतका पैसा किंवा नाते होते, ते गेले. आणि राहिले कोण? शिपायांच्या स्थानिक बायका व मुले, घरगडी, पूर्वी गुलाम असलेले, ह्याच परिसरातील खालच्या मानल्या गेलेल्या जातींतून ख्रिस्ती झालेले शेतमजूर. त्यांना नेण्याची कोणाला निकड नव्हती आणि गोव्यात त्यांची वाट पाहणारेही कोणी नव्हते. ज्या राज्याच्या नावाने त्यांना 'फिरंगी' म्हटले जाई, त्या राज्याने त्यांना किनाऱ्यावर ठेवून शीड उभारले.

अशी माणसे एका पिढीत आजूबाजूच्या समाजात विरून जातील, असेच कोणालाही वाटले असते. ती विरली नाहीत. कोर्लईच्या डोंगराच्या पायथ्याशी त्यांनी घरे केली, भातशेती केली, माउंट कार्मेल मातेच्या नावाचे चर्च राखले आणि आपसांत जी भाषा बोलत होते ती बोलत राहिले. तिला ते 'क्रिस्ती' म्हणतात, किंवा 'नॉ लिंग'. 'नॉ लिंग' म्हणजे 'आमची भाषा'.

आमची भाषा

ही भाषा म्हणजे नुसती पोर्तुगीज नव्हे. तिचे बहुतेक शब्द पोर्तुगीज मुळाचे, पण वाक्याची घडण मराठीची. पोर्तुगीज वाक्यात क्रियापद कर्माच्या आधी येते. कोर्लईच्या बोलीत ते मराठीप्रमाणे शेवटी जाऊन बसते. जणू परदेशातून आलेल्या विटांनी कोकणी गवंड्याने चौसोपी घर बांधावे. भाषाशास्त्रज्ञ अशा मिश्र घडणीच्या भाषेला 'क्रिओल' म्हणतात. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेन्ट्स ह्यांनी ह्या बोलीच्या जन्माचा व वाढीचा अभ्यास करून १९९६ साली त्यावर एक संपूर्ण ग्रंथच प्रसिद्ध केला. बोलणारे जेमतेम हजाराच्या आसपास, पण त्यांच्या बोलीने जगातील विद्वानांचे लक्ष वेधून घेतले.

एके काळी अशा बोली केवळ कोर्लईत नव्हत्या. वसई, साष्टी, वांद्रे, माहीम, मुंबई अशा उत्तर कोकणातील ख्रिस्ती वस्त्यांतून त्या ऐकू येत. गोव्याचे विद्वान धर्मगुरू मोन्सिन्योर सेबास्तियाँव रोदोल्फ दालगाद ह्यांनी १९०६ साली ह्या 'उत्तरेकडील' बोलीवर पुस्तक लिहून ठेवले. त्यांनी ते केले नसते तर आज तिचा फारसा मागमूसही उरला नसता, कारण मुंबई-साष्टीतील बोली त्यानंतर लोपली. १८८७ साली स्वतःला 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलेल्या आपल्या बांधवांच्या घरांतून आज मराठीची रूपे आणि इंग्रजी ऐकू येते. दीव-दमणला आणि कोर्लईला मात्र त्या बोलींच्या बहिणी जिवंत आहेत.

मुंबईच्या सान्निध्यातील बोली गेली आणि कोर्लईची राहिली, ह्याची कारणे शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. एक कारण भूगोलाचे. कुंडलिकेवर साळावचा पूल होईपर्यंत हे गाव एकीकडे होते. रेवदंड्यास जायचे म्हणजे तर गाठावी लागे. दुसरे कारण समाजरचनेचे. धर्म वेगळा म्हणून शेजारच्या समाजाशी सोयरीक होत नसे आणि जातीने खालचे मानले गेलेले म्हणून इतर ख्रिस्ती वस्त्यांशीही ती सहज जुळत नसे, म्हणून लग्ने गावातल्या गावात होत. तिसरे कारण चर्चचे. १९६० च्या दशकापर्यंत येथे गोव्याकडचे धर्मगुरू येत. मिस्सा लॅटिनमध्ये असे, पण प्रवचन व प्रार्थना पोर्तुगीजमध्ये. अशा बोलींना 'मोडकी पोर्तुगीज' म्हणून हिणविण्याची रीत त्या काळी सर्वत्र होती, तरीही वेदीवरची ती भाषा गावच्या बोलीची दूरची नातेवाईक होती आणि तिने हिला आधार दिला. परंतु ह्या तिन्हींहून मोठे कारण चुलीचे. आई त्या बोलीत रागावली, आजीने त्या बोलीत गोष्ट सांगितली, मुलांची भांडणे तिच्यात झाली आणि समेटही तिच्यातच झाला. जिला कोणी लिहिले नाही, शाळेत शिकविले नाही, अशी ती भाषा अडीचशेहून अधिक वर्षे टिकली.

हुकमाची भाषा आणि घराची भाषा

ह्याच्या उलट उदाहरण गोव्याचे आहे आणि ते समोर ठेवल्याशिवाय कोर्लईचे महत्त्व ध्यानात येत नाही. १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनी गोव्यात रायतूर येथे मराठी ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' छापून प्रसिद्ध केले. जन्माने इंग्रज असलेल्या ह्या येशूसंघीय धर्मगुरूने लोकांच्या भाषेचा मान राखला. पण पुढे सत्तेची दृष्टी बदलली. २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉयने फर्मान काढले की, स्थानिक लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलू लागावे. मागे राज्य होते, शिक्षा होती, शाळा होत्या. परिणाम काय झाला? कोकणी मेली नाही. ती घरांतून, शेतांतून, मांडांवरून बोलली जात राहिली. १९८७ मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली आणि १९९२ मध्ये भारतीय संविधानाच्या आठव्या अनुसूचीत तिला स्थान मिळाले.

गोव्यात पोर्तुगीजच्या पाठीशी साडेचारशे वर्षे राज्य होते, तरी ती सामान्यांच्या घराची भाषा झाली नाही. कोर्लईत तिच्या कन्येच्या पाठीशी कोणीच नव्हते, तरी ती घराघरांत राहिली. भाषा हुकमाने येत नाही आणि हुकमाने जातही नाही. ज्या घरात तिची लाज वाटत नाही त्या घरात ती राहते.

आणि आपण मराठी माणसे ज्याला परके म्हणतो, ते तरी कितपत परके आहे? सकाळी आपण पाव आणतो, साबणाने हात धुतो, बादली भरतो, चावी खिशात घालून कामावर जातो आणि महिनाअखेरीस पगार घेतो. बटाटा, काजू, अननस, पपई, लिलाव, तुरुंग, घमेले हे सारे शब्द पोर्तुगीजांच्या गलबतातून आले. आपल्या लाडक्या हापूसच्या नावातही 'अफोन्सो' दडलेला आहे. आपण शब्द घेतले आणि मराठीच राहिलो. कोर्लईकरांनी मराठीची घडण घेतली आणि आपली बोली राखली. दोन्हीकडे देवघेवच आहे.

त्याच किनाऱ्यावर आणखी एका समाजाने हीच परीक्षा वेगळ्या रीतीने दिली. अलिबागजवळ नवगावला जहाज फुटून आपले पूर्वज किनाऱ्याला लागले, असे बेने इस्रायली मानतात. रेवदंड्यात त्यांचे 'बेथ एल' हे प्रार्थनामंदिर आहे. त्यांची हिब्रू विसरली गेली, घरची भाषा मराठी झाली, पण शनिवारचा शब्बाथ त्यांनी सोडला नाही. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. एका समाजाने वार राखला, दुसऱ्याने बोली राखली. धर्म दोघांनीही राखला. कोणी काय राखावे हे बाहेरच्याने सांगायचे नसते, पण ज्याने काहीच राखले नाही त्याच्याजवळ मुलांना सांगण्यासारखी गोष्ट उरत नाही.

आज आणि उद्या

कोर्लईची ही कथा सुखान्त म्हणून संपविता आली असती तर आम्हांला आनंद झाला असता. वस्तुस्थिती तशी नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत लोकभाषेला दार उघडले. ह्या निर्णयाने महाराष्ट्रातील ख्रिस्तसभेला मराठी मिस्सा, मराठी गीते आणि मराठी धर्मशिक्षण लाभले. ह्या त्रैमासिकाचे पानही त्याच कृपेचे फळ आहे. कोर्लईतही पोर्तुगीज जाऊन मराठी आली. ती शाळेची, बाजाराची, राज्याची भाषा होती, तेव्हा ते स्वाभाविकच होते आणि गावकऱ्यांना तिच्यामुळे मोठे जग खुले झाले. पण 'लोकांची भाषा' म्हणून जी भाषा वेदीवर चढली ती त्या लोकांच्या घरातली नव्हती. जिला लिपी नाही, पुस्तक नाही, तिचा विचार अशा वेळी मागे पडतो. एकाच पावलाने मोठी भाषा पुढे आली आणि लहान भाषा एक पायरी खाली उतरली. हे दोन्ही खरे आहे आणि दोन्ही एकदम सांगितले पाहिजे.

त्यानंतर पूल झाला, साळावचा कारखाना आला, पर्यटक आले, मुले शिकून मुंबईकडे नोकरीला निघाली. ह्यातले काहीही वाईट म्हणता येणार नाही. गावाने गरीब आणि एकाकी राहावे, म्हणजे आपली बोली टिकेल, असे सुचविणे हा त्या लोकांचा अपमान होईल. एकटेपणाने राखलेली वस्तू आता जाणीवपूर्वक राखावी लागणार, एवढाच फरक झाला आहे. तो निर्णय कोर्लईकरांचा आहे.

आपला निर्णय मात्र आपल्याला घ्यावयाचा आहे. वसईकडून आलेल्या घरात आजी सामवेदीत बोलते आणि नातू इंग्रजीत उत्तर देतो. गोव्याकडच्या घरात कोकणी केवळ फोनवर बोलण्यापुरती उरते. आणि ज्यांच्या जमिनींवर आपली घरे उभी आहेत, त्या मूळच्या कामोठेकरांची आगरी बोली तर कित्येकांना थट्टेचा विषय वाटते. इंग्रजी शाळा आवश्यक आहेत, त्यांच्याविरुद्ध आमचे काही म्हणणे नाही. पण मुलाला इंग्रजी यावी म्हणून आजीने गप्प बसावे, असे कोणत्याही शाळेने सांगितलेले नाही. ते आपण आपले आपणच ठरवून टाकले आहे.

म्हणून काही साध्या सूचना कराव्याशा वाटतात. संध्याकाळच्या जपमाळेतील निदान एक दशक आपापल्या मूळ बोलीत म्हणावे. घरातील वडीलधाऱ्यांकडून लग्नातील गाणी, पाककृतींची नावे, शेतीची अवजारे, झाडामाशांची नावे लिहून घ्यावीत, किंवा आता हातोहाती असलेल्या फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवावीत. मोन्सिन्योर दालगाद ह्यांच्याजवळ केवळ कान आणि लेखणी होती, तरी त्यांनी एक बोली विस्मृतीतून वाचविली. आणि जुन्या कामोठे गावातील एखाद्या आजोबांकडून ह्या खाडीची, मिठागरांची हकीकत मुलांना ऐकवावी. आपण जेथे राहतो त्या भूमीचे हे एक ऋण आहे.

यशया संदेष्टा ज्या 'उरलेल्या' लोकांविषयी वारंवार बोलतो, ते बलवान नव्हते. बलवान लोक निघून गेले होते किंवा नेले गेले होते. उरलेल्यांतूनच परमेश्वराने पुढचा इतिहास घडविला. कोर्लईच्या कड्याखाली आम्हांला त्या वचनाचा अर्थ अधिक जवळून कळतो. वर किल्ला आहे. तो बांधणारे गेले, जिंकणारेही गेले. खाली गाव आहे. त्याला जिंकण्याच्या लायकीचे कोणी मानले नाही, म्हणून ते राहिले.

तेव्हा वाचकहो, ह्या हिवाळ्यात मुरूडच्या वाटेला लागलात तर किल्ला अवश्य चढा, समुद्र डोळे भरून पाहा. पण उतरल्यावर लगेच गाडीत बसू नका. रविवार असेल तर माउंट कार्मेल मातेच्या चर्चमध्ये मिस्सेला बसा. गावकऱ्यांशी पाहुण्यासारखे बोला. 'तुमच्या भाषेत काहीतरी बोलून दाखवा' असे जत्रेतल्या खेळासारखे त्यांना सांगू नका. ओळख झाली, विश्वास बसला, तर ते आपणहून बोलतील. आणि परतीच्या वाटेवर मुलांनी विचारले की, 'आपली भाषा कोणती?', तर त्या प्रश्नाचे उत्तर घरी पोहोचेपर्यंत लांबवू नका.